बिरूचे बारा आठवडे

जिममध्ये इतके किस्से का साठतात, याचं कारण एकदम साधं आहे. सेट मारायला लागतं पाऊण मिनिट आणि त्यानंतर विश्रांती असते दोन मिनिटांची. म्हणजे दोन तास घाम गाळून आलो असं घरी सांगणाऱ्या माणसानं खरा व्यायाम केलेला असतो अर्धा-पाऊण तास. बाकीच्या वेळात काय करणार? तोंड चालवणार! सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझी जिम सुरू होऊन बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं मी लोकांची विश्रांती ऐकतोय.

सगळ्यांचे किस्से सांगत बसलो तर तुम्ही उठून जाल. म्हणून एकाच पोराचे सांगतो, बिरूचे. तेही एका स्पर्धेच्या तयारीतले, बारा आठवड्यांचे. बाकीची पोरं रुसतील. रुसू देत, मला कुणाची भीड नाही.

मला सगळे अण्णा म्हणतात. आमच्या घरात तेलुगू, जिममध्ये मराठी, आणि कुणी डंबेल आपटला की माझ्या तोंडून तिसरीच भाषा निघते. जिम पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली भांड्यांचं दुकान. वर डंबेल पडला की खाली पातेली वाजतात. त्या दुकानदाराचे आणि माझे संबंध कसे असतील ते समजून घ्या.

*

बिरू सांगोल्याकडचा. घरी मेंढरं, थोडी जिरायत जमीन. सहा वर्षांपूर्वी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात पॅकिंगला लागला आणि माझ्याकडे आला. बोलणं कमी, मान कायम खाली, पण खांदे असे की मी बघतच राहिलो.

पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या दोन्ही हातांत पंचवीस-पंचवीस किलोचे डंबेल दिले आणि सांगितलं, मी थांब म्हणेपर्यंत चालत राहायचं. याला आम्ही फार्मर्स वॉक म्हणतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. मेहुण्याचा फोन, म्हणजे तो काही लवकर आटपत नाही. बोलून मागं वळलो तर हॉलमध्ये बिरू नाही आणि डंबेलही नाहीत.

खालून दुकानदार ओरडला, "अण्णा, तुमचं सामान चाललं!"

मी धावत खाली गेलो. बिरू दोन गल्ल्या ओलांडून रिक्षा स्टॉपपर्यंत पोचला होता. हॉलमध्ये गर्दी होती, लोकांना धक्का लागत होता, म्हणून म्हणे तो जिना उतरला. मी लई शिव्या घातल्या. तो घामाघूम, हातात अजून डंबेल तसेच.

"तुमी थांब म्हनला न्हाई की," तो म्हणाला.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. पोराची पकड चांगली आहे, आणि याला काही सांगताना आपण आधी विचार करायचा.

*

तर यंदाची जिल्ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा. आधी दोनदा बिरू उतरला होता आणि दोन्ही वेळा पहिल्या सहांतसुद्धा आला नव्हता. यंदा मी ठरवलं, सत्तर किलोच्या गटात उतरवायचा. वजन होतं एकोणऐंशी. बारा आठवड्यांत नऊ किलो उतरवायचे, आणि तेही स्नायू न जाळता.

या लाइनमध्ये लोकांना वाटतं की वजन उचलणं अवघड असतं. वजन कुणीही उचलतो. अवघड असतं ते ताट. दुधी, उकडलेलं चिकन, मोजून भात आणि रोज वीस अंड्यांचं पांढरं. मीठ-तिखटाच्या नावानं बोंब. एकदा-दोनदा कुणीही खाईल, पण चौऱ्याऐंशी दिवस तेच खायचं म्हणजे डोकं ठिकाणावर असावं लागतं.

आता वीस अंड्यांचं पांढरं खाल्लं की वीस पिवळे बलक उरतात. ते टाकायचे कुठं? अन्न टाकायचं नाही, ही बिरूला आईची शिकवण. त्याच्या खोलीत महेश नावाचा एक पोरगा राहायचा, जुळे सोलापूर भागात कुठल्यातरी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा. बिरू रोज त्याला बलक करून द्यायचा, कांदा-मिरची टाकून, छान परतून. स्वतःला मीठ नाही आणि महेशला रोज मसाला!

बारा आठवड्यांत बिरू नऊ किलो उतरला आणि महेश सात किलो चढला. महेशच्या ऑफिसातले लोक त्याला विचारायला लागले, "काय रे, जिम लावली का?"

*

डाएटच्या आठव्या आठवड्यानंतर माणसाचं डोकं जरा वेगळंच चालायला लागतं. किल्ली हातात असते आणि तो किल्ली शोधतो. राग नाकावर. मी स्वतः त्या दिवसांत एकदा आरशाशी भांडलो आहे, त्यामुळे मी कुणाला हसत नाही.

बिरूला राग यायचा नाही, त्याला वासाचं वेड लागलं. कारखान्यातून सुटला की तो वाट वाकडी करून एका कडक भाकरीच्या दुकानासमोर जाऊन उभा राहायचा. आत भाकऱ्या भाजायचं काम चालू असायचं, बाजूला शेंगाची चटणी कुटलेली. पाच मिनिटं उभं राहायचं, वास घ्यायचा आणि निघायचं. विकत घेणं नाही, खाणं तर नाहीच.

दुकानातल्या मावशींनी आठवडाभर बघितलं. गालफडं बसलेला, डोळे खोल गेलेला पोरगा रोज येतो आणि भाकरीकडे बघून निघून जातो. एक दिवस त्यांनी त्याला जवळ बोलावलं, एक कडक भाकरी कागदात बांधून त्याच्या हातावर ठेवली आणि पैसे राहू दे बाळा म्हणाल्या. कुणाला सांगू नकोस, लाजू नकोस, असंही म्हणाल्या.

शंभर किलो छातीवरून ढकलणारा गडी, ती भाकरी घेऊन मान खाली घालून माझ्याकडे आला. परत देता येईना, खाता येईना. मी म्हणलं, कडक भाकरी आहे, महिनाभर खराब होत नाही. स्पर्धा होईपर्यंत खोलीत ठेव, रोज बघ, त्याला मोटिवेशन म्हणतात.

तिसऱ्या दिवशी महेशनं ती बलकाबरोबर खाल्ली. महेशचं नाव मी आता पुन्हा काढणार नाही.

*

सलीमबद्दल सांगितलं नाही तर तो मला रिक्षात घेणार नाही. सलीम रिक्षा चालवतो, वय चाळीस, मास्टर्स गटात उतरतो आणि आमच्या जिमचा रंगारी आहे. स्टेजवरच्या दिव्यांत उजळ अंग सपाट दिसतं, म्हणून आम्ही अंगाला गडद तपकिरी रंग चोपडतो. तो टॅन एकसारखा लावायचं कसब सगळ्यांना नसतं. सलीमला आहे. स्नायूंच्या रेषांना आम्ही कट म्हणतो. तो म्हणतो, "अण्णा, कलर नै चढ्या तो कटां दिखते नै."

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी त्यानं बिरूवर आणि स्वतःवर रंगाची ट्रायल घेतली. बिरू तासभर पंख्याखाली उभा राहिला. सलीमला भाडं होतं, तो गेला, आणि दुपारी घरी जाऊन बायकोनं नुकत्याच अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर आडवा झाला. उठला तेव्हा चादरीवर त्याची पाठ जशीच्या तशी उमटली होती. खांदे, बगला, खाली निमुळती कंबर, सगळं.

बायकोनं काय केलं ते तिनं मला सांगितलेलं नाही. पण त्याआधी सलीमनं टेप लावून ती पाठ मोजली आणि फोटो जिमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, गेल्या सालापेक्षा दोन इंच रुंद. मी विचारलं, गेल्या सालचं माप कुठून आणलंस? तर या गड्यानं गेल्या वर्षीची डागाची चादर पेटीत जपून ठेवली होती!

दोन्ही चादरी बायकोनं त्यालाच धुवायला लावल्या.

*

आमच्या लाइनमध्ये कौतुकाची एक उलटीच पद्धत आहे. स्पर्धा जवळ आली आणि ओळखीच्या माणसानं रस्त्यात थांबवून विचारलं की काय रे, बरं नाही का, तर तो दिवस सोन्याचा. चेहरा उतरला म्हणजे चरबी गेली. बिरूला अकराव्या आठवड्यात दिवसातून तीन-तीन जण विचारायला लागले. आम्ही खूश.

त्यातला एक जण निघाला त्याच्या गावचा. तो बाजाराला आला होता, त्यानं बिरूला बघितलं आणि गावात जाऊन सांगितलं की पोरगं काही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारा जिना चढून वर आला. धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, चेहरा रापलेला. हे बिरूचे वडील, आबा. खाली पाहुण्याची जीप उभी होती, पोराला दवाखान्यात न्यायला. बिरूच्या आईनं तुपाचा डबा दिला होता आणि घरातून निघताना ती रडत होती, असं त्यांनी सांगितलं.

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. आजार नाही, दहा दिवसांवर स्पर्धा आहे, हे सगळं ठरवून केलंय. बिरू बाजूला उभा, मान खाली. सहा वर्षं त्यानं घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. व्यायामशाळेत जातो, एवढंच.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "म्हंजी घरात असून उपाशी ठेवलंय?"

आणि लगेच निकालही त्यांनीच दिला. दहा दिवस ते इथंच राहणार, पोरगं जगतंय का ते डोळ्यानं बघणार. स्पर्धा झाली की बिरूला घेऊन गावी जाणार. परत धाडायचं की मेंढरांमागं ठेवायचं, ते मग ठरवणार.

आबा खाली गेल्यावर बिरू माझ्याजवळ आला. घरी गेलं की परत येणं नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. थोरल्या भावाला आबांनी असंच एकदा पुण्याहून आणलं होतं, तो परत गेला नाही. बिरूच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षं घडवलेला पोरगा. मी त्याला एवढंच म्हणलं, रडण्यात पाणी घालवू नको, जा, सायकल मार.

*

आबा रोज संध्याकाळी यायचे आणि खिडकीजवळच्या बाकावर बसायचे. बोलणं नाही, मोबाइल नाही, नुसतं बघणं. माझ्या पोरांची पंचाईत झाली. एरवी दहा मारून पंधरा सांगणारे आबांसमोर इमानदारीत पंधरा मारायला लागले. बावीस वर्षं ओरडून मला जे जमलं नाही, ते म्हाताऱ्यानं गप्प बसून केलं.

अडचण आली पोझिंगला. पोझिंगची प्रॅक्टिस चड्डीवर करावी लागते आणि स्पर्धेची चड्डी ती केवढी असते तुम्हाला माहीतच आहे. बिरू बापासमोर कपडे काढायला तयार होईना. बनियन काढला, पँटवर हात ठेवून तसाच थांबला. मी डोळे वटारले, सलीमनं समजावलं, गडी हलेना.

आबांनी बाकावरूनच सांगितलं, "चार वर्साचा हुईस्तवर गावभर नागडा हिंडलास. काड की."

सगळी जिम हसली. बिरूनं पँट काढली. त्या दिवशी त्याच्या पोझेस अशा सुटल्या की मला चूक काढायला जागा उरली नाही. आबा मात्र हसले नाहीत. ते पुढं वाकून बघत होते.

*

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही पोरांचं पाणी तोडायचो. अंगातलं पाणी गेलं की कातडी स्नायूला चिकटते, असं आम्हाला आमच्या उस्तादांनी शिकवलेलं. मी बिरूला सांगितलं, सकाळपासून फक्त ओठ ओले करायचे. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. दुपारपर्यंत पोराच्या जिभेला कोरड पडली होती आणि बोलताना तो अडखळत होता.

आबा उठून माझ्या टेबलाशी आले.

"मास्तर, पानी तोडलंय का याचं?"

मी शास्त्र सांगायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं. "दुस्काळात आमच्याकडं टँकर यायचा चार-चार दिसांनी. तवा बी मी मेंढराचं पानी तोडलं न्हाई. तुमच्या हितं नळ हाय."

माझं डोकं तापट. मी म्हणलं, आबा, हे माझं काम आहे, बावीस वर्षं करतोय, यात बोलू नका. ते बाकावर जाऊन बसले. मी वजनाच्या प्लेटा लावायला लागलो, आणि हात थांबले.

तरुणपणी मीही स्पर्धेला उतरायचो. शेवटच्या स्पर्धेत स्टेजच्या मागं माझ्या दोन्ही पायांत गोळे आले, डोळ्यांपुढं अंधार आला आणि मी खाली पडलो. नाव पुकारलं तेव्हा मला दोघं जण उचलून रिक्षात घालत होते. लोकांना मी सांगितलं, ताप होता. बायकोलाही तेच सांगितलं. ताप नव्हता, दीड दिवस पाणी नव्हतं. हे माहीत असून मी त्यानंतर किती पोरांचं पाणी तोडलं असेल! लाज वाटली. खरंच वाटली.

मी तांब्या भरला आणि आबांच्या हातात दिला. म्हणलं, तुम्हीच पाजा. सलीम कपाळाला हात लावून बसला, सगळं पाण्यात गेलं म्हणाला. बिरू दोन तांबे पाणी प्यायला.

तेव्हापासून माझ्या जिममध्ये पाणी तोडणं बंद आहे. कुणाला पटत नसेल तर पेठेत दुसऱ्या जिम आहेत.

*

आता स्पर्धेचा दिवस.

सकाळी वजन भरलं एकोणसत्तर किलो सहाशे ग्रॅम. बसलं गटात. सलीमनं रंग चढवला. तिकडं आबांनी खोलीवर जाऊन बिरूची वळकटी आणि पिशवी बांधली आणि गावाहून परत आलेल्या पाहुण्याच्या जीपमध्ये ठेवली. ती जीप संध्याकाळी स्पर्धेच्या हॉलच्या दारात उभी होती. बिरूनं आत जाताना ती बघितली. मीही बघितली.

मी आणि आबा तिसऱ्या रांगेत बसलो. आमच्या गटात चौदा जण होते. पहिल्या फेरीनंतर सहा जण पुढं ठेवले आणि त्यात बिरूचा अकरा नंबर पुकारला. मी खुर्चीवरून उठून ओरडलो. आबा बसूनच होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

सहा जण ओळीत उभे राहिले. समोरून, बाजूनं, पाठीमागून, सगळ्या पोझेस झाल्या. बिरूची पाठ त्या सहांत उठून दिसत होती. पोटाचे कट असे की शेवटच्या रांगेतून मोजावेत. पाणी पिऊन काही बिघडलं नव्हतं, उलट पोरगा भरलेला दिसत होता आणि मनापासून हसत होता. मी मनातल्या मनात त्याला पहिला करून टाकला. पहिला आला तर आबा कसे काय नेतील, असा माझा हिशेब.

आबा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "त्यो चार नंबरवाला पयला."

मी विचारलं, "आन आपला?"

"दुसरा. पलीकडचा नऊ नंबर तिसरा."

मला असा राग आला! जन्मात पहिल्यांदा स्पर्धा बघणारा माणूस, स्वतःच्या पोराला दुसरा नंबर देतो. मी विचारलं, तुम्हाला यातलं काय कळतं? ते म्हणाले, चाळीस वर्षं बाजारात मेंढे निवडतोय. आणि पुन्हा स्टेजकडं बघायला लागले.

निकाल खालून पुकारायला लागले. सहावा, पाचवा, चौथा. तिसरा, चेस्ट नंबर नऊ. मी आबांकडे बघितलं. दुसरा, चेस्ट नंबर अकरा. पहिला, चेस्ट नंबर चार.

मी बराच वेळ टाळ्या वाजवायच्याच विसरलो.

बिरू बाहेर आला. गळ्यात पदक, टी-शर्टला सगळा रंग लागलेला. जिल्ह्यात दुसरा, पण चेहरा पडलेला. कारण जीप समोरच होती आणि ड्रायव्हरनं ती सुरूही केली होती. तो आबांच्या पाया पडला, मग माझ्या, मग सलीमच्या. सलीम तोंड फिरवून उभा राहिला. मी आबांशी बोलायचं ठरवलं होतं, हात जोडायचे, पाया पडायचं, काय लागेल ते. पण त्याआधीच आबा पुढं झाले.

आबांनी पदक हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि परत त्याच्या गळ्यात सोडलं. मग बिरूला वळायला सांगितलं. वाकून त्याच्या मांड्या आणि पोटऱ्या हातानं चाचपल्या. हाताला तपकिरी रंग लागला, तो धोतराला पुसला. जीपजवळ गेले, वळकटी आणि पिशवी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली.

"मास्तर, मागचे पाय कमी पडले याचे. म्होरल्या वर्साला भरून काडा."